बोलायचं कुठं बसून?

मावशींनी भांडी घासता घासता विचारलं. पाठ माझ्याकडे, नळ चालू, त्यामुळे पहिलं वाक्य मला धड ऐकूच आलं नाही. त्यांची सून बाळंत होऊन दोन महिने होत आले होते. पहिली मुलगी, आणि ही दुसरीही मुलगीच. सून धड जेवत नाही. बाळ रडलं तरी उठत नाही. उचलून हातात दिलं तर घेते, पाजते आणि पुन्हा भिंतीकडे तोंड करून पडून राहते. "पोराला वाटतं नाटकं करती. शेजारीण म्हणती बाहेरचं आहे, दाखवून आणा. मला नाही तसं वाटत, ताई. ही पोर अशी नव्हती." मी नळ बंद केला. एका कागदावर टेलिमानसचा, म्हणजे मनाच्या दुखण्यासाठीच्या सरकारी फोनसेवेचा, नंबर मोठ्या आकड्यांत लिहून दिला, १४४१६. पैसे पडत नाहीत, रात्री-अपरात्रीही लागतो, मराठीत बोलतात, हे सगळं सांगितलं. मावशींनी कागदाची घडी करून पिशवीच्या आतल्या कप्प्यात ठेवली आणि विचारलं, "पण ताई, बोलायचं कुठं बसून?"

त्यांचं घर मी पाहिलेलं आहे. टेकडीच्या पायथ्याची वस्ती, दहा बाय बाराची खोली, वर पत्र्याला टेकलेला पोटमाळा. आता बाळ धरून माणसं सात. एक फोन मुलाकडे, तो रिक्षाबरोबर सकाळीच बाहेर पडतो. दुसरा मावशींचा, बटणांचा, त्याचा आवाज एवढा मोठा की पलीकडच्याचं बोलणं खोलीभर ऐकू येतं. बाहेर बोळात जावं तर दोन्ही बाजूंच्या उंबऱ्यांवर बायका बसलेल्या. ओल्या बाळंतिणीनं तिन्हीसांजेला बाहेर थांबायचं नाही, हा नियम वेगळाच. अशा घरात एकवीस-बावीस वर्षांच्या मुलीनं कुठल्या कोपऱ्यात बसून परक्या माणसाला सांगायचं, की मला माझं बाळ जवळ घ्यावंसं वाटत नाही?

हा प्रश्न त्यानंतर माझ्या डोक्यातून गेलाच नाही.

नंबरचं मोल मला कमी करायचं नाही. १० ऑक्टोबर २०२२ला, जागतिक मानसिक आरोग्य दिनी, ही सेवा सुरू झाली तेव्हा मला मनापासून बरं वाटलं होतं. आपल्याकडे मनाच्या दुखण्यासाठी सरकारी दार म्हटलं की वर्षानुवर्षं चारच नावं घेतली जात: ठाणे, येरवडा, नागपूर, रत्नागिरी. आणि ती नावं उपचारापेक्षा शिवी म्हणूनच जास्त वापरली गेली. "याला ठाण्याला पाठवायला पाहिजे" असं वाक्य ऐकत आमची अख्खी पिढी मोठी झाली. ठाण्याचं रुग्णालय १९०१ सालचं. सव्वाशे वर्षांत तिथून किती माणसं बरी होऊन घरी गेली असतील, पण ते कुणी कुणाला सांगितलं नाही. त्यामुळे घरबसल्या, नाव न सांगता, आपल्या भाषेत कुणाशी तरी बोलता येईल अशी सोय झाली ही साधी गोष्ट नाही. २०१५-१६च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात नैराश्य, चिंता यांसारख्या सर्रास आढळणाऱ्या आजारांत शंभरांतल्या पंच्याऐंशी जणांना कसलाच उपचार मिळत नव्हता, असं दिसलं होतं. त्या सर्वेक्षणातल्या बारा राज्यांत महाराष्ट्र नव्हता, पण आपलं चित्र फार वेगळं असेल असं मानायला मला काही कारण दिसत नाही.

तरीही या पंच्याऐंशी जणांची एकच रांग लावता येत नाही, हे मावशींच्या प्रश्नानंतर मला फार जाणवायला लागलं. त्यांत ओली बाळंतीण आहे, कापूस उत्पादक आहे, स्पर्धा परीक्षेचं चौथं वर्ष संपवलेला मुलगा आहे, दारुड्याची बायको आहे, कानानं ऐकू न येणारा माणूस आहे. प्रत्येकाची अडचण वेगळ्या जागी आहे. कुणाला दार माहीत नाही, कुणाला माहीत आहे पण तिथं आत जाताना कुणी बघायला नको आहे, कुणाला घरातून निघायला कारणच सांगता येत नाही.

गोव्यात एक अभ्यास झाला होता, २००२ साली प्रसिद्ध झाला. एका जिल्हा रुग्णालयात बाळंत झालेल्या अडीचशेच्या वर बायकांना दीड-दोन महिन्यांनी पुन्हा भेटून विचारपूस केली, तर त्यांतल्या २३ टक्के जणींना नैराश्य होतं. कारणं शोधायला कुणाला लांब जावं लागलं नाही: पैशाची ओढाताण, नवऱ्याची मारहाण, आणि मुलगा हवा असताना झालेली मुलगी. मावशी शाळेत गेलेल्या नाहीत. पण सुनेबद्दल सांगताना "ही दुसरीही मुलगीच" हे त्यांनी जेवणाखाण्याच्या आधी सांगितलं होतं, आणि मुलगा काय म्हणतो तेही सांगितलं होतं.

माझं माहेर अमरावती जिल्ह्यातलं. लहानपणी आईबरोबर प्राथमिक आरोग्य केंद्रात गेलं की बाकावर बसलेल्या बायकांचं बोलणं मी ऐकायची. जीव घाबरते. हातापायाले मुंग्या येते. डोकं जड राहते. अंगावरून पांढरं जाते. कामात मन लागत नाही, असं शेवटी कुणीतरी म्हणायचं, तेही हळूच, वेगळी तक्रार म्हणून नाही. मग लाल रंगाचं बी-कॉम्प्लेक्सचं इंजेक्शन, लोहाच्या गोळ्या, आणि खासगी डॉक्टरकडं गेल्या तर सलाइन. सलाइन लावून घेतलेली माझी काकू दोन तास दवाखान्यातल्या खाटेवर पडून असायची, आणि परत आल्यावर तिचा चेहरा खरोखर उजळलेला असायचा. आज मला वाटतं, त्या बाटलीतल्या मीठ-साखरेच्या पाण्यापेक्षा ते दोन तास जास्त लागू पडत असतील. दोन तास तिला कुणी चहा मागत नव्हतं, कुणी हाक मारत नव्हतं, आणि तिथं पडून राहण्याबद्दल कुणी तिला आळशी म्हणत नव्हतं. संगथ ही गोव्यातली संस्था, १९९६मध्ये सुरू झालेली. तिथल्या संशोधकांनी अंगावरून जाण्याच्या तक्रारीचाही अभ्यास केला. तिचा संबंध जंतुसंसर्गापेक्षा मनावरच्या ताणाशी जास्त निघाला. बाकावरच्या त्या बायका खोटं बोलत नव्हत्या. दवाखान्यात शिरायला शरीराचं दुखणं लागतं, आणि त्यांना ते खरोखरच होत होतं.

माझ्या काकांची गोष्ट याच गावातली. २०१७ला गुलाबी बोंडअळीनं विदर्भात कापसाचा घास घेतला त्या हंगामात काका हळूहळू गप्प झाले. आधी पारावर जाणं बंद झालं, मग वर्तमानपत्र. रात्री तीनला उठून अंगणात फिरायचे. काकूनं माझ्या आईला फोनवर सांगितलं, आईनं मला. अमरावतीला मानसोपचारतज्ज्ञ आहेत, गाडी करून नेऊ, असं सगळ्यांनी म्हणून पाहिलं. काकांचं एकच उत्तर: "मले काय झालं? पागल झालो का मी?" घरात लग्नाची मुलगी. अमरावतीच्या त्या दवाखान्याच्या पायऱ्या चढताना गावातल्या एकानं जरी पाहिलं असतं, तर संध्याकाळपर्यंत सोयरिकीत बातमी पोचली असती, ही त्यांची भीती अजिबात खोटी नव्हती. मी पुण्यात बसून ती चुकीची ठरवू शकत नाही.

त्यांना बोलतं केलं ते गावातल्या आशाताईनं. ती आमच्याच आळीतली सून. तिशीच्या पुढच्या माणसांचा बीपी आणि साखर तपासायचं काम आलं होतं, म्हणून ती यादी घेऊन घरोघर फिरत होती. काका ओट्यावर बसलेले, तिनं दंडाला पट्टा गुंडाळला आणि आकडा वर चढत असताना सहज विचारलं, "काकाजी, झोप येते का रात्री?" काका म्हणाले, नाही येत. कधीपासून? दसऱ्यापासून. जेवण जाते का? नाही जात. मरून जावं वाटते का? काकूनं सांगितलं, की या प्रश्नावर ते बराच वेळ काही बोलले नाहीत, आणि पट्ट्यातली हवा निघून गेल्यावरही त्यांनी हात तसाच पुढे धरून ठेवला होता. मग होकारार्थी मान हलवली. पारावर, नातेवाइकांत, भावाजवळ जे निघालं नाही ते बीपीच्या निमित्तानं निघालं. पुढे औषध सुरू झालं तेही "बीपीचं" म्हणूनच. मला ते तेव्हा खटकलं होतं. आज तेवढं खटकत नाही.

आमच्या गावात जे योगायोगानं घडलं ते अमरावती जिल्ह्यातल्याच तीस गावांत ठरवून करून पाहिलं होतं, हे मला नंतर कळलं. विश्राम नावाचा तो प्रकल्प. गावातलीच माणसं शिकवून तयार केली, त्यांनी घरोघर जाऊन ताणाविषयी, शेतीच्या आणि कर्जाच्या काळजीविषयी बोलायचं, ज्याला गरज असेल त्याला समुपदेशकापर्यंत आणि गरज पडल्यास डॉक्टरपर्यंत न्यायचं. सुरुवातीला नैराश्य असलेल्या शंभर माणसांमागे जेमतेम चार जण कुठल्या ना कुठल्या उपचारापर्यंत पोचत होते. दीड वर्षानं ते प्रमाण २७ टक्क्यांवर गेलं. २०१७मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. सरकारनंही विदर्भ-मराठवाड्यातल्या चौदा जिल्ह्यांत शेतकऱ्यांसाठी प्रेरणा प्रकल्प काढला, त्यातही पहिला प्रश्न विचारायला घरापर्यंत जाणार ती आशाताईच. गरोदर बाई, कुपोषित मूल, क्षयाचा रुग्ण, बीपी, साखर, आणि आता मन. तिच्या पिशवीत वह्या वाढत जातात आणि मानधनासाठी तिला आझाद मैदानात बसावं लागतं. मनाचं काम तिच्यावर सोपवायचं असेल, आणि माझ्या मते तेच योग्य आहे, तर त्या कामाचे वेगळे पैसे आणि वेगळा वेळ तिला मिळालाच पाहिजे. कुणाच्या तोंडून "मरून जावं वाटतं" हे ऐकून घेतल्यावर त्याच पावली पुढच्या घरी साखर तपासायला जाणं सोपं नसतं. त्या संध्याकाळी आशाताईनं कुणाजवळ मन मोकळं केलं असेल, हे मला कधी विचारता आलं नाही.

आणि ज्यांचा नवरा, बाप वाचला नाही त्या घरांचं काय? शेतकरी आत्महत्येनंतर मिळणारी मदत एक लाख, त्यातले तीस हजार हातात आणि सत्तर हजार बँकेत ठेव. पण त्याआधी प्रकरण 'पात्र' ठरावं लागतं. कर्ज कुणाच्या नावावर, सातबारा कुणाच्या, वसुलीचा तगादा होता की नव्हता. तहसीलच्या व्हरांड्यात कागदांची पिशवी छातीशी धरून बसलेल्या बाईला "तुम्ही दुःख मोकळं करा" असं म्हणायला मला धीर होणार नाही. तिचं मन सावरायला आधी तो कागद हलला पाहिजे. समुपदेशक जर त्या व्हरांड्यात, तिच्या शेजारी बसून अर्ज भरायला मदत करणारा असेल, तर त्याच्याशी ती बोलेल. नुसत्या समुपदेशकाशी कशाला बोलेल?

आपल्या माणसानं विचारावं हे मात्र सगळ्यांना लागू पडत नाही. काहींना आपलीच माणसं नको असतात.

पुण्यात सदाशिव पेठेत, शास्त्री रस्त्याच्या आजूबाजूला अभ्यासिका आहेत. सकाळी सहापासून मुलं आपापल्या लाकडी कप्प्यात मान खाली घालून बसलेली असतात. कॉट बेसिसवर खोली, महिन्याची मेस, गावाकडून येणारे पैसे, आणि दर निकालानंतर घरी फोन करायच्या आधी चहाच्या टपरीवर काढलेला तासभर. आमच्या गावाकडचा एक मुलगा अधूनमधून जेवायला येतो. चौथ्यांदा पूर्वपरीक्षा गेली तेव्हा तो सहा दिवस अभ्यासिकेत नुसता बसून होता, पुस्तक न उघडता, कारण खोलीवर थांबला तर पार्टनरला कळेल. त्याच्यासाठी आशाताई म्हणजे संकट. गावातलं कुणीही म्हणजे संकट. त्याला अनोळखी आवाजच हवा होता, आणि त्याला तो रात्री साडेबाराला, नदीकाठच्या रस्त्यावर चालता चालता, फोनवर मिळाला. आयकॉल ही टाटा समाजविज्ञान संस्थेची २०१२पासूनची सेवा असेल किंवा टेलिमानस असेल, अशा मुलांसाठी फोन हीच मोकळी जागा आहे. तो मला म्हणाला, "काकू, पलीकडच्या बाईंनी एकदाही म्हटलं नाही की दुसरं काहीतरी कर. म्हणून मी बोललो."

तसाच माझ्या एका सहकारी मैत्रिणीचा मुलगा. त्याला मुलगे आवडतात हे घरात कळल्यावर आईबापांनी घाबरून जो डॉक्टर गाठला, त्यानं सहा महिन्यांत "बरं" करून देतो म्हणून सांगितलं. गोळ्या, पथ्य, मुलींचे फोटो दाखवणं. मुलगा त्या सहा महिन्यांत आठ किलो उतरला. समलैंगिक संबंध गुन्हा नाही, हा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल सप्टेंबर २०१८चा. अशा 'उपचारा'ला राष्ट्रीय वैद्यक आयोगानं २०२२मध्ये व्यावसायिक गैरवर्तन ठरवलं. पण मैत्रिणीला हे सगळं माहीत व्हायला फार उशीर झाला. शेवटी मुलानं स्वतःच मुंबईच्या हमसफर ट्रस्टचा पत्ता शोधला. ती संस्था १९९४पासून आहे. मैत्रीण आता म्हणते, त्याच्यासाठी डॉक्टर शोधताना आम्ही खरं तर आमच्यासाठी शोधत होतो. तिला स्वतःला कुणाशी तरी बोलायची गरज होती आणि मुलाला रुग्ण ठरवल्याशिवाय तिला तसं कुठं जाता येत नव्हतं. मुलाचा राग अजून गेलेला नाही. का जावा?

कानानं ऐकू न येणाऱ्यांविषयी लिहायला माझ्याजवळ गोष्ट नाही, फक्त एक प्रश्न आहे. आमच्या बँकेत एक कर्णबधिर सहकारी आहे. तो गेल्या वर्षी आई वारल्यानंतर खचला होता, हे आम्हाला सगळ्यांना दिसत होतं. त्यानं कुठला नंबर फिरवायचा? समुपदेशकाकडं जायचं तर सांकेतिक भाषा येणारा दुभाषा बरोबर हवा, म्हणजे मनातलं सगळं आधी तिसऱ्या माणसाच्या हातात द्यायचं. त्याच्या बाबतीत तो तिसरा माणूस म्हणजे त्याची धाकटी बहीण, जी त्याच आईसाठी रडत होती.

मावशींच्या सुनेकडं मी मुद्दाम उशिरा वळतेय, कारण तिच्या बाबतीत काय घडलं हे सांगताना मला आनंदही होतो आणि अस्वस्थही वाटतं. बाळाला दीड महिन्याची, अडीच महिन्याची, साडेतीन महिन्यांची लस असते. म्हणजे बाळंतपणानंतरच्या सगळ्यात नाजूक काळात सरकारी दवाखाना त्या आईला तीनदा स्वतःहून बोलावून घेतो. नवऱ्याची, सासूची, कुणाचीही हरकत नसते. उलट घरचेच आठवण करून देतात. बाळाचं वजन होतं, कार्डावर खूण होते, ताप आला तर द्यायचं औषध हातात मिळतं. आईला मात्र त्या खुर्चीत बसवून कुणी काही विचारत नाही. बाळंतपणानंतरचं नैराश्य ओळखायची दहा प्रश्नांची एडिनबरो प्रश्नावली १९८७पासून जगभर वापरात आहे. पाच मिनिटांचं काम. लसीच्या टेबलाशेजारी एक पडदा, एक जास्तीची खुर्ची आणि ती पाच मिनिटं द्यायला एक माणूस, एवढंच मी मागेन, जर कुणी मला विचारलं तर.

अडीच महिन्यांच्या लसीला मावशी एक घर बुडवून सुनेबरोबर गेल्या आणि लस टोचणाऱ्या सिस्टरला त्यांनीच सांगितलं. रांग मोठी होती, तरी सिस्टरनं बाळ मावशींच्या हातात दिलं, सुनेला आतल्या, जिथं लशींचा फ्रीज असतो त्या खोलीत नेलं आणि दार लोटून घेतलं. सून बाहेर आली तेव्हा पदरानं तोंड पुसत होती. पुढच्या आठवड्यात मोठ्या रुग्णालयातल्या मानसोपचार विभागात केसपेपर निघाला. बाळाला पाजत असताना चालतील अशाच गोळ्या आहेत, हे डॉक्टरांनी दोनदा समजावून सांगितलं. आता त्या गोळ्या डाळीच्या डब्यात असतात. मुलाला सांगितलंय, अशक्तपणाच्या आहेत. सून जेवायला लागली आहे, धाकटीला मांडीवर घेऊन तिच्याशी बोलते, हे मावशी सांगतात तेव्हा त्यांचा आवाज बदलतो. पण त्या घरात ती अजूनही "अशक्त" आहे आणि नवऱ्याला मुलगा हवाच आहे. त्या डब्यातली पट्टी संपेल तेव्हा किंवा नवऱ्याच्या हाती लागेल तेव्हा काय होईल, ही काळजी मला वाटतेच.

निमित्त लागतं, हे शेजारणीलाही ठाऊक होतं. बाहेरचं आहे, दाखवून आणा, असं ती म्हणाली त्याचा मला आधी राग आला. पण देवस्थानात बाईला ओरडता येतं, केस मोकळे सोडता येतात, सासूसमोर नवऱ्याला शिव्या देता येतात, आणि त्याचा दोष तिच्यावर येत नाही. साखळीनं बांधणारी, मारझोड करणारी, पैसे उकळणारी ठिकाणं बंदच झाली पाहिजेत, त्यासाठी महाराष्ट्रात २०१३चा जादूटोणाविरोधी कायदा आहे. पण लोक जिथं आधीच जातात तिथं डॉक्टरांनी जाऊन बसायला काय हरकत आहे? गुजरातेत उनाव्याच्या मीरा दातार दर्ग्यात २००८पासून तसं झालं. मुजावरांनीच माणसांना दुआबरोबर औषधाकडं पाठवायचं ठरवलं. कुणाच्या श्रद्धेची परीक्षा न घेता उपचार सुरू होतात, हे मला फार शहाणपणाचं वाटतं.

मुक्तांगणचंही मला तेच भावतं. १९८६मध्ये पुण्यात ते व्यसनी माणसांसाठी सुरू झालं. पण दाखल करायला, भेटायला, न्यायला येणाऱ्या बायका तिथं येतच होत्या, "यांच्यासाठी आलेय" म्हणत. त्यांच्यासाठी वेगळा गट झाला, सहचरी. घरात ज्यांनी वीस-वीस वर्षं कुणाला काही सांगितलं नाही, त्या तिथं बोलतात, कारण घरी सांगून निघायला नवऱ्याचं कारण पुरतं. मला यात समाधान आहे आणि खंतही. बाईला स्वतःच्या मनासाठी स्वतःच्या नावानं घराबाहेर पडता आलं पाहिजे. २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्यानं उपचार हा प्रत्येकाचा हक्क आहे असं स्पष्ट लिहिलं आहे. पण त्या हक्कापर्यंत पोचायला आज जर बाळाची लस, दंडावरचा पट्टा, नवऱ्याची दारू लागत असेल, तर त्या प्रत्येक ठिकाणी आपलं माणूस बसलेलं असावं, एवढं तरी आपण करायला हवं.

दीर्घ आजाराच्या माणसांच्या घरच्यांना तर निमित्तही उरलेलं नसतं, कारण घर सोडून त्यांना निघताच येत नाही. माझ्या एका मैत्रिणीच्या भावाला वीस वर्षांपासून स्किझोफ्रेनिया आहे. कॅनडात स्थायिक झालेल्या जगन्नाथ वाणी यांनी पुण्यात स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन उभी केली, त्यानंतर आजारी माणसाला शुभार्थी आणि सांभाळणाऱ्याला शुभंकर म्हणायची रीत इथल्या स्वमदत गटांत रुळली. अशाच एका गटाला मी मैत्रिणीबरोबर गेले होते. शाळेच्या वर्गात बैठक, लहान मुलांच्या बाकांवर साठी-सत्तरीची माणसं गुडघे अवघडून बसलेली. आपल्यानंतर मुलाचं काय, हा विषय निघणार असं मला वाटलं होतं आणि तो निघालाही. पालकत्वाचे कागद, दिव्यांगांच्या हक्कांसाठीच्या २०१६च्या कायद्यातली तरतूद, बँकेतलं संयुक्त खातं. पण सगळ्यात जास्त वेळ गेला तो एका आजींच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनवर. डोळ्यांवर पट्टी असताना मुलाच्या गोळ्या कोण देणार? त्याला अनोळखी माणूस दारात चालत नाही, आणि आईखेरीज कुणाच्या हातून तो गोळी घेत नाही. दोघांनी हात वर केले. एकाचं घर जवळ होतं, दुसऱ्याबरोबर मुलगा पूर्वी एकदा कॅरम खेळला होता. कॅरमवाल्या काकांनी ऑपरेशनच्या आठ दिवस आधीपासून रोज संध्याकाळी घरी जायचं, आईसमोर गोळी द्यायची सवय लावायची, आणि जवळ राहणाऱ्यांनी सकाळी फक्त डबा पोचवून दारातूनच परत यायचं, असं ठरलं. वहीत तारखा लिहिल्या गेल्या. मग कुणीतरी दिव्यांग प्रमाणपत्राच्या नूतनीकरणाचा विषय काढला.